सासूबाईंसाठी नोकरी सोडू का? घरच्यांनी ठरवून टाकलंय, मी अजून ठरवलेलं नाही

भांडुप_पश्चिम
रविवार, रात्री ११.५०

नमस्कार. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

मी ५१ वर्षांची. अंधेरीला चकाल्याजवळ एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, २७ वर्षं एकाच ठिकाणी. घरी नवरा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. घर वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या वसुबारसेला पहाटे सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अठरा दिवस हॉस्पिटलात काढले. तिथून आणल्यावर सोसायटीतल्या चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर चढवलं. तेव्हापासून हॉलमध्ये खिडकीशी त्यांचा पलंग आहे आणि त्या खाली उतरलेल्या नाहीत.

त्यांच्याकडे आता एकच शब्द उरलाय, 'अगं'. तहान लागली तरी अगं, अंग ओलं झालं तरी अगं, खिडकीच्या जाळीवर कबूतर बसलं तरी अगं. कुठलं अगं कशासाठी, ते मला आवाजावरून कळतं. ओलं झालं असेल तर शेवटचा सूर खाली जातो, दुखत असेल तर तो तुटतो. घरात दुसऱ्या कुणाला हे कळत नाही, आणि एवढ्यावरून सगळ्यांनी धरून टाकलंय की आईंचं माझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही.

साडेचारला उठते. आधी त्यांना कुशीवर घेऊन पाठ बघते, माकडहाडापाशी लाल झालंय का. मग डायपर, स्पंज, गाऊन. मग नाचणीची पेज. पातळ गेली की ठसका लागतो म्हणून दाट करायची, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून चमच्या-चमच्याने द्यायची, आधीचा घोट उतरला की नाही हे गळ्याकडे बघून ठरवायचं. एका वाटीला पाऊण तास जातो. आठला मावशी येते, पेशंट सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून, १२ तासांची, दिवसाला ८०० रुपये. मी स्लो लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रो. संध्याकाळी मावशी जायच्या आत घरात पाऊल पडलं पाहिजे. रात्री ११, १ आणि ३ ला कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते.

हे बाजारहाट, औषधं, डॉक्टर, पैसे, सगळं मनापासून बघतात. पण अंगाला हात लावायची वेळ आली की मला हाक मारतात. "मला नाही गं जमत, आई आहे ना ती माझी," म्हणतात.

मार्चएंडला माझ्या हातून एका एन्ट्रीत शून्य जास्त पडलं. २७ वर्षांत पहिल्यांदा. साहेब काही बोलले नाहीत, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात घरी बैठक झाली. मोठे दीर आणि जाऊबाई ठाण्याहून, नणंद पुण्याहून आली. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत ठरलं होतं. तू नोकरी सोड, मावशीचे महिन्याचे २४ हजार वाचतील, आईलाही परका हात नको. दीर म्हणाले, शेवटी हे घर तुमच्याकडेच राहणार आहे. ते स्वतः गेल्या जूनमध्ये रिटायर झालेत. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि माझ्याही तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही.

मी सासूबाईंची तक्रार घेऊन आलेले नाही, हे नीट लक्षात घ्या. मुलगा तीन महिन्यांचा असताना मी कामावर परत गेले ती त्यांच्या जिवावर. ट्रेन चुकू नये म्हणून माझा डबा भरून त्या दाराशी उभ्या असायच्या. आज मी २७ वर्षं म्हणते ना, त्यातली निम्मी त्यांची आहेत. म्हणून रात्री वाटतं सोडावी. सकाळी मेट्रोत बसले की वाटतं, हा तास सोडून मी जगू शकणार नाही.

आणखी एक. माझी स्वतःची आई लालबागला असते, ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत. तिचं सगळं माझी वहिनी करते. तीही कुठेतरी हाच प्रश्न विचारत असेल.

ज्यांनी नोकरी सोडली त्यांनी पुढे काय झालं ते सांगा. ज्यांनी नाही सोडली त्यांनी सांगा, घरातल्या बाकीच्यांचे हात कसे लावलेत.


जुनी_हिशेबनीस
सोमवार, सकाळी ७.१५

सोडू नका. मी २०१३ मध्ये सोडली, ४८ व्या वर्षी. सासऱ्यांना पार्किन्सन होता. तेव्हा मला वाटलं होतं दोन वर्षांचा प्रश्न आहे. सात वर्षं झाली. ते गेल्यावर मी अर्ज केले, ५५ व्या वर्षी मला कुणी घेतलं नाही.

तुम्ही अकाउंट्सच्या आहात, तेव्हा कागद घेऊन बसा. ईपीएफच्या पेन्शनच्या सूत्रात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तुमच्या २७ वर्षांचं ते सहा हजारांच्या आसपास घुटमळतं, आणि २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा असल्यामुळे हातात त्याहून कमीच येईल. म्हणजे तुमच्या म्हातारपणाचा खरा आधार हा पीएफचा साठा आहे, आणि तो शेवटच्या सात-आठ वर्षांतच सगळ्यात जास्त फुगतो. नेमकी तीच वर्षं तुमच्याकडून मागताहेत. ग्रॅच्युइटीही शेवटच्या पगारावर निघते, आज सोडलीत तर आजच्या पगारावर.

आता हे बघा, कारण बैठकीत हे कुणीच काढलं नसणार. सासूबाईंच्या अठरा दिवसांचं बिल कुठल्या पॉलिसीतून गेलं? तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये सासू-सासरे असतील आणि तुम्ही राजीनामा दिलात, तर त्या तारखेपासून त्यांचं कव्हर जातं. ८१ व्या वर्षी, झटका येऊन गेल्यावर, कुठली कंपनी नवीन पॉलिसी देईल आणि किती हप्ता लावेल? सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड २०२४ पासून मिळतं, ते काढून ठेवाच. पण ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे. घरातल्या मावशीचे, डायपरचे, फिजिओचे पैसे त्यातून येत नाहीत.

पैशांपलीकडचं एकच सांगते. माझा पगार थांबला तसं घरात मला विचारणं थांबलं. कुणी मुद्दाम केलं नाही. टीव्ही कुठला घ्यायचा इथपासून मुलीच्या कॉलेजपर्यंत, मी खोलीत असताना माझ्याशिवाय ठरू लागलं. सासरे जायच्या आदल्या वर्षी माझ्या कमरेची गादी सरकली, त्याचा पट्टा आजही लावते.


समाधानी_दहिसर
सोमवार, सकाळी ९.०२

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. मी आईसाठी (माझ्या स्वतःच्या) शाळेतली नोकरी सोडली. चार वर्षं तिच्याजवळ होते. मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. पण मला कुणी सोड म्हटलं नव्हतं, मीच घरी येऊन सांगितलं होतं की सोडून आले. ताईंचं तसं नाही, हे वाचताना कळतंय.


निवृत्त_बेस्ट
सोमवार, रात्री १०.४०

ताई, मी पुरुष आहे आणि हे सगळं हाताने केलंय, म्हणून लिहितो.

बेस्टमध्ये कंडक्टर होतो, दिंडोशी डेपो. २०१६ साली आईचा खुबा मोडला, ऑपरेशननंतर ती अंथरुणालाच खिळली. माझी पत्नी त्याआधी दोन वर्षं गेली होती. घरात मी, मुलगा आणि आई. शेजारीपाजारी सगळ्यांचा एकच सल्ला, मुलाचं लग्न उरका, सून येईल, आजींचं बघेल. मुलगा तेव्हा २३ चा होता. जिचं नावगाव माहीत नाही त्या मुलीसाठी आमच्या घरातलं बेडपॅन लोकांनी आधीच नेमून ठेवलं होतं. मी सांगितलं, आई माझी आहे, मी बघेन. डेपोत सांगून पहिली पाळी घेतली.

पहिल्यांदा डायपर बदलायला गेलो तेव्हा आईने पदर तोंडावर ओढला आणि मान भिंतीकडे केली. मी दिवा मालवला. अंधारात चाचपडत केलं, धड बसलं नाही, पहाटे गादीपर्यंत सगळं ओलं. दुसऱ्या दिवशी फिजिओ आला त्याला लाज सोडून सांगितलं. तो म्हणाला, दिवा लावा आणि हात चालू असताना बोलत राहा. मी काय बोलणार? मी स्टॉपची नावं घ्यायला लागलो. दिंडोशीपासून सुरुवात करायची, एकेक स्टॉप, कुठे कोण चढायचं, कुठला पासवाला रोज भांडायचा. आई ऐकायची. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिने स्वतःहून कठडा धरला आणि माझ्याकडे वळायला बघितलं. पदर तोंडावर नव्हता.

तुमचे मिस्टर म्हणतात आई आहे ना ती. बरोबर आहे, लाज वाटते. दोघांनाही वाटते. पण ती जाते. मुलींना तरी कुठे जन्मतः येतं हे? त्यांना कुणी लाजायला वेळच देत नाही, एवढाच फरक मी पाहिला.

आता कामाचं. तुमची पाठ जाऊ द्यायची नसेल तर एक आडवी चादर वापरा. जुनी सुती चादर दुमडून पेशंटच्या खाली आडवी अंथरायची. दोन बाजूंनी दोघांनी गुंडाळून धरायची, एकदोनतीन म्हणून उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. गेलेल्या बाजूचा हात धरून कधीही उचलू नका, खांदा निखळतो. कुशीवर केल्यावर एक उशी पाठीला, एक दोन गुडघ्यांच्या मध्ये, आणि टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. हे दोन माणसांचं काम आहे. तुम्ही एकट्या करत राहिलात तर पाठ जाईल.

आई २०२२ ला गेली. पाठीवर एकही जखम नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला त्याचा फार अभिमान आहे.


वांद्रे_कोर्टाजवळ
मंगळवार, दुपारी १.२०

वकिलाकडे काम करते, म्हणून कायद्याचं बोलते. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्यात जबाबदारी टाकलीय ती अपत्यांवर, आणि अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. २०१९ मध्ये सून आणि जावई यांनाही त्यात घालायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून सुटली असंही नाही, विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलंय.

आणि घराचं. मृत्युपत्र नसेल तर सासूच्या मागे तिचे मुलगे आणि मुलगी समान वारस असतात. सून त्यात वारस नाही. 'घर तुमच्याकडेच राहणार' हे दिरांनी तोंडी म्हटलंय. उद्या कागदावर ते तीन वाट्यांत जाईल आणि तुमच्या सेवेचा त्यात रकानाच नसेल.

कुणाला कोर्टात खेचा असं मी अजिबात म्हणत नाहीये. माणसं तुटतात, मी रोज बघते. पण बैठकीत बसाल तेव्हा हे माहीत असू द्या की कायद्याने ज्यांचं काम आहे ते तिघे सोफ्यावर बसले होते आणि जिचं नाही ती चहा करत होती.


भांडुप_पश्चिम
मंगळवार, रात्री ११.३०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मेडिक्लेम माझ्याच कंपनीचा आहे. बिल ४ लाख १० हजार झालं होतं, त्यातले साडेतीन लाख पॉलिसीतून गेले. माझ्या नावावरच्या कार्डाने आई घरी आल्या आणि हे माझ्याच डोक्यात आलं नाही.

दादा, तुमचं स्टॉपचं ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. बराच वेळ गॅलरीत उभे होते.


आईची_लेक_मानखुर्द
बुधवार, रात्री ९.४५

माझी आई पेशंटकडे जाते, १४ वर्षं झाली. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितेय.

"ताई, आठशे तुम्ही देता, मावशीच्या हातात सहाशे पडत असतील. माझ्या तर तेवढेच पडतात. बाकीचे ब्यूरो घेतो. तिला एकदा विचारा. परका हात नको म्हणतात लोक, पण परक्या हाताला पण पेशंटची सवय होते. माझी एक आजी होती पवईला, ती माझ्या बांगडीच्या आवाजावर तोंड उघडायची. ती गेली त्या दिवशी तिच्या घरच्यांनी मला दारातूनच पैसे दिले आणि म्हणाले, उद्यापासून नको. मला आत जाऊन तिला बघायचं होतं.

"आम्हाला सुट्टी कुणी देत नाही. देत नाही म्हणजे वाईट माणसं असतात असं नाही. त्या दिवशी घरात करणार कोण, हेच ठरलेलं नसतं. घरातल्या बाईला सुट्टी नाही म्हणून आम्हाला पण नाही. तुमच्या मावशीला रविवार द्या, मग तुमच्या घरातल्या माणसांना आपोआप शिकावं लागेल.

"आणि माझी सासू गावाला होती, परतूरकडे. मी मुंबईत दुसऱ्याच्या आईचं करत होते आणि माझ्या सासूचं माझी मोठी पोरगी करत होती. दहावी झाल्यावर तिची शाळा त्यातच सुटली. म्हातारी पाच वर्षं होती. मी दर महिन्याला पैसे पाठवायचे, आणि त्या पैशांनी पोरगी आजीला औषध आणायची. शिकायची तिची हौस होती."

एवढं सांगून आई उठून गेली. ती पोरगी म्हणजे माझी ताई. मी एस.वाय.ला आहे, माझी फी ताईने भरलीय.


सैतामाची_मराठी
गुरुवार, सकाळी ६.३०

मी लग्नानंतर १६ वर्षं जपानमध्ये आहे, टोकियोच्या शेजारी सैतामात. इथे ६५ च्या वरची माणसं लोकसंख्येच्या २९ टक्के आहेत, म्हणून इथलं थोडं सांगते.

इथेही पूर्वी हे सुनेचंच काम होतं. सुनेला 'योमे' म्हणतात आणि मोठ्या मुलाच्या योमेने सासू-सासऱ्यांचं करायचं हे धरलेलं असायचं. २००० साली इथे सेवा-शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाच्या उत्पन्नातून हप्ता जातो, माझ्याही जातो. म्हातारं माणूस किती परावलंबी आहे हे घरी येऊन तपासतात, पायरी ठरवतात, आणि त्याप्रमाणे आंघोळ घालायला माणूस, दिवसभराचं केंद्र, पलंग, कठडे असं मिळतं. बहुतेकांना दहा टक्के खर्च स्वतःचा. आमच्या गल्लीत सकाळी शाळेच्या बससारखी छोटी व्हॅन येते आणि आजी-आजोबांना दिवसाच्या केंद्रात घेऊन जाते. नोकरी करणाऱ्याला, बाई असो की बाप्या, एका माणसासाठी एकूण ९३ दिवसांची सेवारजा तीन तुकड्यांत घेता येते, आणि त्या काळात रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के मिळतात. ही रजा स्वतः सगळं करण्यासाठी नसून व्यवस्था लावण्यासाठी आहे, असं आमच्या ऑफिसात बजावून सांगतात. भारतात केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही.

सगळं सुटलंय असं मुळीच नाही. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी नोकरी सोडणारे इथे अजूनही वर्षाला लाखाच्या आसपास असतात, आणि त्यात बायकाच जास्त.

कोर्टाजवळच्या ताईंनी रकाना म्हटलं म्हणून एक मुद्दाम सांगते. २०१९ च्या जुलैपासून इथे वारसा कायद्यात बदल झाला. सासू-सासऱ्यांची विनामोबदला सेवा केलेली सून वारस नसली तरी वारसांकडून पैशांची मागणी करू शकते. रक्कम किती मिळते हा वेगळा वाद आहे. पण सुनेने पाठ मोडून केलेलं काम हे काम आहे, असं कायद्याच्या पुस्तकात आलं. जर्मनीत तर १९९५ पासून असा विमा आहे आणि घरी ठरावीक तास सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनमध्ये तो विमाच भर घालतो.

माझी आई सांगलीला आहे. तिचं माझी भावजय करते. मी पैसे पाठवते आणि व्हिडिओ कॉल करते. गेल्या वर्षी माझी ९३ दिवसांची रजा मी पहिल्यांदा मागितली, तीस दिवस घेऊन सांगलीला गेले, आणि भावजयीला माहेरी पाठवलं. तिला दोन दिवस झोपच लागली नाही, म्हणे रात्री जाग येऊन हात पलंगाकडे जायचा.


जुनी_हिशेबनीस
गुरुवार, सकाळी ८.००

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करतात असं निघालं, पुरुष २१.४ टक्के. बायका दिवसाला १४० मिनिटं, पुरुष ७४. यात मुलंही आली. मी सात वर्षं स्वयंपाकघरात उभी असताना एक कान सासऱ्यांच्या खोलीकडे लावून होते. ती मिनिटं मी कुणाला सांगू शकले असते?


भांडुप_पश्चिम
सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०.१५

काय झालं ते सांगायचं राहून गेलं होतं.

त्या रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. चहा मुलाने केला. मी एक कागद पुढे ठेवला, मेडिक्लेमचा आकडा, माझा पीएफ, मावशीचे पैसे, आणि शेवटी २४ तासांचे रकाने करून त्यात कोण काय करतं ते. २४ पैकी १२ मावशीचे, बाकी सगळ्या रकान्यांत माझं नाव होतं. दिरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मला वाटलं चिडतील. म्हणाले, मला रात्री झोप लागत नाही रिटायर झाल्यापासून, शुक्रवार-शनिवार मी येतो.

पैशांचे आता तीन वाटे होतात. नणंद दोन महिन्यांतून एक आठवडा येऊन राहते. तिने मला एकटीला गाठून सांगितलं की याआधी तिला यायचं असायचं, पण माहेरी जास्त राहिलं की तिच्या घरी बोलणी खावी लागतात. मला हे कधी कळलंच नव्हतं, मी मनात तिला नावं ठेवत होते. मावशीला रविवार दिलाय आणि ब्यूरोशी बोललो, तिला हातात सातशे मिळावेत असं ठरलंय. जाऊबाई मात्र बोलत नाहीत, कागद करून मी घराण्याची अब्रू काढली म्हणतात. त्यांचं मला वाईट वाटतं, पण कागद मागे घेणार नाही.

ह्यांना फिजिओने शिकवलं. पहिल्या दिवशी हात थरथरत होते. आता रात्री ११ ची पाळी त्यांची. बोलत राहायचं म्हणून ते आईंना लहानपणीच्या वाडीतली घरं ओळीने सांगतात, कुणाच्या अंगणात कुठलं झाड. तीन घरं चुकीच्या क्रमाने सांगितली तर आई अगं म्हणतात. चिडलेलं अगं. ते ह्यांना ओळखता येतं.

महिन्यातून दोन शनिवार मी लालबागला आईकडे झोपायला जाते. वहिनी त्या रात्री माहेरी जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा निघताना चारदा परत येऊन गोळ्यांचा डबा दाखवून गेली. चार वर्षांनी ती माहेरी रात्रीची राहिली.

परवा शुक्रवारी सवयीने मला तीनला जाग आली. हॉलमधून अगं ऐकू आलं, शेवटचा सूर खाली गेलेलं. मी उठून बसले. तेवढ्यात दिरांचा आवाज आला, "आलो गं आई, थांब, चष्मा घालतो." मी पडद्याआडून पाहिलं. दिवा लावला होता. डायपर बसवताना एक चिकटपट्टी वाकडी लागली, ती काढून पुन्हा लावली. आई त्यांच्याकडेच बघत होत्या.

फक्त चादर सरकवायला ते एकटे पडतात, मुलगा कधी उठतो, कधी नाही. बेस्टवाले दादा, तुम्ही रात्री एकट्याने कूस कशी बदलायचात? आणि ती आडवी चादर किती मापाची?


निवृत्त_बेस्ट
रविवार, रात्री ११.०५

सिंगल बेडची जुनी सुती चादर, चौघडी न करता दुहेरी दुमडा. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत आली पाहिजे. खाली एकही सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीनेच जखम सुरू होते.

एकट्याला सरकवता येत नाही, प्रयत्नही करू नका. फक्त वळवता येतं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभं राहायचं, पलीकडचा गुडघा आधी उभा करायचा, पलीकडच्या बाजूची चादर हातात गुंडाळून हळू आपल्याकडे घ्यायची. आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही. सरकवायचं काम पहाटे तुम्ही किंवा मिस्टर उठाल तेव्हासाठी ठेवा.

दिरांना सांगा, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात ठेवा. माझा दोनदा बेडपॅनमध्ये पडला होता.